यंत्रांना खुले दार, ग्राहकाला बंद

अधिस्वीकृत प्रयोगशाळांच्या नोंदी क्षणार्धात शोधून देणारी साधने आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंटां’साठी तयार होत आहेत. दलालाला दलाल म्हटले, एवढा प्रामाणिकपणा तरी मान्य केला पाहिजे! यंत्राने नाव विचारावे, ‘अधिस्वीकृत’ असे उत्तर घ्यावे आणि माल पुढे सरकावा. परंतु हे अर्धसत्य होय. राष्ट्रीय मंडळाची, म्हणजे ‘एनएबीएल’ची, अधिस्वीकृती सरसकट नसते, ती ठरावीक पदार्थावरील ठरावीक चाचणीपुरती आणि ठरावीक मुदतीपुरती असते. पाण्यातील क्षार मोजणारी प्रयोगशाळा कीटकनाशकांचे अंश मोजण्यास पात्र असेलच असे नाही. शिवाय ही नोंद प्रयोगशाळेच्या क्षमतेची साक्ष देते, मालाच्या शुद्धतेची नव्हे.

आणि ही तत्परता कोणासाठी? २००३ साली भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याने युरोपात माल अडला, तेव्हा कुठे शासनाला जाग आली. पुढे ‘ग्रेपनेट’ उभे राहिले. निर्यातीच्या द्राक्षांची बाग, नमुना, अधिस्वीकृत प्रयोगशाळेचा अहवाल अशी साखळी त्यात नोंदली जाते. पुण्याजवळील मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तिच्यावर देखरेख ठेवते. परदेशी व्यापाऱ्याला नाशिकच्या बागेपर्यंत माग काढता येतो. दादरच्या मंडईत पाव किलो द्राक्षे घेणाऱ्या मोलकरणीला मात्र टोपलीवर चिटोराही दिसत नाही. तिचे पोट युरोपीय पोटाहून चिवट आहे काय?

यंत्रांना दार उघडणाऱ्यांनी आधी तिच्या मंडईतील फळांचे, नळाच्या पाण्याचे आणि दुधाचे अहवाल चाचणीच्या व्याप्तीसह, मराठीत, वॉर्डावॉर्डांतील फलकांवर लावावेत.