विश्लेषण : पार्किंगचा दर नेमका कशासाठी? सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोच्या दोन उलट वाटा

‘पे अँड पार्क’चा प्रस्ताव महापालिकेच्या सभेत आला की वाद दोनच मुद्द्यांवर होतो. सामान्यांच्या खिशाला कात्री किती लागणार आणि पालिकेच्या तिजोरीत किती पडणार? रस्त्याकडेची जागा दुपारी १२ वाजता नव्याने येणाऱ्याला मिळणार का, हा प्रश्न सहसा मागेच राहतो. अमेरिकेतील दोन मोठ्या शहरांनी आपल्या व्यापारी भागातील पार्किंगबाबत जवळपास एकाच काळात निर्णय घेतले. त्यांची फळे मात्र अगदी वेगळी निघाली.

मुळात पैसे आकारायचे कशासाठी?

जगातील पहिला पार्किंग मीटर १९३५ च्या जुलैमध्ये ओक्लाहोमा सिटीत बसला. दर होता तासाला ५ सेंट. कारण साधे होते. दुकानदार आणि कर्मचारी सकाळीच गाड्या लावून मोकळे होत आणि गिऱ्हाईकाला जागाच उरत नसे. म्हणजे मीटर आला तो गिऱ्हाईकाला जागा मिळावी म्हणून. पुढे तो उत्पन्नाचे साधन झाला आणि मूळ हेतू मागे पडला.

तो हेतू पुन्हा चर्चेत आणला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील नगरनियोजनाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी. ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ हे त्यांचे पुस्तक २००५ मध्ये आले. विद्यापीठालगतच्या वेस्टवुड व्हिलेज या लहानशा बाजारपेठेत त्यांनी पाहणी केली. तिथे जागा शोधायला सरासरी जेमतेम ३.३ मिनिटे लागत होती. ऐकायला काहीच नाही. पण वर्षभरात या घिरट्यांची बेरीज सुमारे साडेनऊ लाख मैल, म्हणजे पृथ्वीला ३८ प्रदक्षिणा, इतकी भरली. रस्त्यावरील कोंडीत अशा ‘कुठेच न जाणाऱ्या’ गाड्यांचा वाटा मोठा असतो. शूप यांचे म्हणणे असे की, दर इतकाच ठेवावा की प्रत्येक पट्ट्यात एखाद-दुसरी जागा रिकामी राहील. त्यापेक्षा जास्तही नको, कमीही नको.

सॅन फ्रान्सिस्कोने काय केले?

हेच सूत्र सॅन फ्रान्सिस्कोने २०११ ते २०१३ या काळात ‘एसएफपार्क’ नावाने राबवून पाहिले. मध्यवर्ती व्यापारी भागासह सात भागांतील सुमारे ७ हजार मीटरच्या जागा, म्हणजे शहरातील एकूण मीटरपैकी साधारण पाव, त्यासाठी निवडल्या. रस्त्यात संवेदक पुरले. गाडी उभी आहे की नाही हे त्यावरून कळत असे.

नियम कोणालाही समजेल असा होता. एखाद्या पट्ट्यातील ८० टक्क्यांहून अधिक जागा भरलेल्या असतील तर तासाचा दर २५ सेंटने वाढवायचा. ६० ते ८० टक्के भरल्या असतील तर हात लावायचा नाही. ३० ते ६० टक्के असतील तर २५ सेंट कमी आणि त्याहून खाली गेल्यास ५० सेंट कमी. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ यांचे दर वेगळे. कमाल ६ डॉलर, किमान २५ सेंट. दर मिनिटामिनिटाला बदलत नसे. दोन बदलांत काही आठवड्यांचे अंतर राखले जाई. त्यामुळे गाडीवाल्याला अंदाज राहत असे.

हा दरवाढीचाच छुपा मार्ग, अशी शंका येणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात प्रयोगाच्या भागातील मीटरचा सरासरी दर तासाला २.६९ डॉलरवरून २.५८ डॉलरवर आला. पालिकेच्या बहुमजली वाहनतळांचे दर १२ टक्क्यांनी उतरले. गजबजलेला एक पट्टा महागला, पण त्याच्या मागच्या गल्लीतील तीन पट्टे स्वस्त झाले, असा हा प्रकार होता. जागा शोधण्याचा वेळ ४३ टक्क्यांनी घटला. तुलनेसाठी घेतलेल्या, प्रयोगाबाहेरील भागांत ही घट १३ टक्केच होती. दंडाच्या पावत्याही कमी झाल्या. पैसे भरणे सोपे झाले आणि वेळमर्यादा सैल झाली की नियम मोडण्याचे कारणच उरत नाही.

अडचणी नव्हत्या असे नाही. संवेदकांच्या बॅटऱ्या संपत आल्यावर २०१३ अखेर ते बंद करण्यात आले आणि मीटरवर जमा होणाऱ्या पैशांवरून गर्दीचा अंदाज बांधण्यास सुरुवात झाली. शिवाय कॅलिफोर्नियात दिव्यांग परवाना लावलेल्या मोटारीला मीटरचे पैसे लागत नाहीत. या परवान्याच्या गैरवापराची तक्रार तिथे जुनीच आहे. तिथे दराचे गणित चालत नाही. तरीही डिसेंबर २०१७ मध्ये ही पद्धत शहरभर लागू करण्याचा निर्णय झाला.

शिकागोचा धडा कोणता?

शिकागोतही दर वाढले, पण दर ठरवण्याचा उद्देश वेगळा होता. २००८ च्या डिसेंबरमध्ये तूट भरून काढण्यासाठी शहराने सुमारे ३६ हजार मीटर ७५ वर्षांसाठी एका खासगी कंपनीला दिले. मोबदला सुमारे १.१५ अब्ज डॉलर. प्रस्ताव जाहीर झाल्यानंतर दोनच दिवसांत नगर परिषदेने तो ४० विरुद्ध ५ मतांनी मंजूर केला. तपासायला वेळच मिळाला नाही, ही टीका तेव्हापासून आजपर्यंत होते. सहा महिन्यांत शहराच्याच महानिरीक्षकांनी अहवाल दिला की, मीटरचे खरे मोल याहून जवळपास ९७ कोटी डॉलरनी जास्त होते.

‘लूप’ या मध्यवर्ती व्यापारी भागातील दर २०१३ पर्यंत तासाला साडेसहा डॉलरवर गेला. पण गिऱ्हाईकाच्या खिशापेक्षा मोठे नुकसान रस्त्यावरील अधिकाराचे झाले. दुरुस्ती, मिरवणूक किंवा जत्रेसाठी ठरलेल्या मर्यादेपलीकडे मीटर बंद राहिले की शहराने कंपनीला भरपाई द्यायची, अशी करारात तरतूद आहे. बससाठी वेगळी मार्गिका किंवा सायकलसाठी पट्टा आखायचा, तर आधी गेलेल्या मीटरचा हिशेब मांडावा लागतो. मिळालेल्या पैशांपैकी बहुतांश काही वर्षांतच खर्च झाले. कंपनीची मूळ गुंतवणूक वसूल झाली आहे आणि कराराचे अर्धशतकाहून अधिक अजून बाकी आहे.

व्यापाऱ्यांची भीती खरी आहे का?

काही अंशी. पैसे लावले की गिऱ्हाईक मॉलकडे वळेल, हे दुकानदारांचे म्हणणे सगळीकडे सारखेच असते. लॉस एंजेलिसजवळच्या पासाडेना शहरातील जुन्या बाजारपेठेतही १९९३ मध्ये मीटर बसवताना असाच विरोध झाला होता. तो मावळला एका अटीवर. मीटरचे उत्पन्न त्याच बाजारातील पदपथ, दिवे आणि सफाईवर खर्च करायचे. पैसे कुठे गेले हे दुकानाच्या दारात उभे राहून दिसत असेल, तर विरोधाची धार कमी होते.

आपल्याकडे गाडे कुठे अडते?

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने जागेचे खरे मोल दाखवणारे पार्किंग शुल्क घ्यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. पुणे महापालिकेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूरही केले. मात्र तीव्र विरोधानंतर ते पाच रस्त्यांवरील प्रायोगिक अंमलबजावणीपुरते उरले आणि तेही पुढे रखडले. मुंबईने दराऐवजी दंडाचा मार्ग धरला. सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा गाडी लावल्यास ५ हजारांपासून २३ हजार रुपयांपर्यंत दंड, असा नियम ७ जुलै २०१९ पासून लागू झाला. वाहनतळ ओस आणि बाहेरचा रस्ता भरलेला, हे त्यामागचे कारण. पण रस्त्याकडेला फुकट किंवा वाहनतळापेक्षा स्वस्तात जागा मिळत असेल, तर चौथ्या मजल्यावर गाडी चढवायला कोण जाईल? सॅन फ्रान्सिस्कोने वाहनतळाचे दर मुद्दाम उतरवले ते याच कारणाने.

दुसरी अडचण ठेक्याची. रस्त्याकडेचे पट्टे निविदा काढून ठेकेदाराकडे दिले की त्याचे हित पट्टा सदैव भरलेला राहण्यात असते. एखादी जागा रिकामी राहावी, यात त्याला रस कशाला असेल? पावतीवरील दरापेक्षा जास्त पैसे मागितल्याच्या तक्रारीही नव्या नाहीत. पट्टा कोणत्या वेळी किती भरला होता याची नोंद पालिकेकडे येत नसेल, तर पुढचा दर ठरवायला आधारच उरत नाही. त्यामुळे नवा ठेका देताना बोलीच्या रकमेइतकीच महत्त्वाची ठरतात ती दोन कलमे : ताशी नोंदी पालिकेला रोज मिळणार का आणि मुदतीच्या मध्येच दर खाली-वर करण्याचा किंवा पट्टा बंद करण्याचा अधिकार कोणाकडे राहणार?