दोन गिरक्यांचे प्रायश्चित्त

खेळातील शिक्षेचा विचार करू लागलो की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम पंच उभा राहतो. शिडांच्या नौकांच्या शर्यतींत मात्र शिक्षेची सुरुवात अपराध्यापासूनच होते. उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या नौकेला डाव्या अंगाने वारा घेणारीने वाट द्यावी, हा तिथला एक मूळ नियम. तो मोडल्याचे लक्षात येताच चूक करणाऱ्या नौकेने इतरांपासून दूर व्हायचे आणि तिथल्या तिथे दोन पूर्ण गिरक्या घेऊन पुन्हा शर्यतीस लागायचे. नियम मोडणाऱ्याने तत्काळ दंड स्वीकारावा, प्रसंगी शर्यत सोडावी, हे या खेळाच्या नियमपुस्तकातील पायाभूत तत्त्व आहे. चूक नाकारली तर प्रतिस्पर्धी 'प्रोटेस्ट' असे ओरडून तक्रार नोंदवतो, किनाऱ्यावर सुनावणी होते आणि दोषी ठरलेली नौका त्या शर्यतीतून बाद होते.

आपल्या परंपरेने दंड आणि प्रायश्चित्त यांत भेद केला आहे. दंड दुसरा करतो, प्रायश्चित्त आपण घेतो. दोन गिरक्या हे प्रायश्चित्त आहे आणि त्यालाही मर्यादा घातलेली आहे. नियमभंगाने कोणाला इजा झाली असेल, मोठे नुकसान झाले असेल किंवा गिरक्या घेऊनही मोठा लाभ पदरात राहत असेल, तर शर्यतच सोडावी लागते. प्रायश्चित्ताने लाभ पुसला गेलाच पाहिजे, हा त्यामागचा विचार आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

पण जी चूक पाण्यावर दिसतच नाही तिचे काय? २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात झालेल्या अमेरिकाज कपच्या वेळी हाच प्रश्न उभा राहिला. त्याआधीच्या मालिकेतील शर्यती ४५ फुटी जोडनौकांच्या होत्या. सर्व संघांच्या नौका एकसारख्या असाव्यात, हीच त्या मालिकेची अट होती. गतविजेत्या ओरॅकल संघाच्या नौकांत मात्र नियमबाह्य वजन भरल्याचे आढळले. संघाने मालिकेतील काही स्पर्धांतून मागाहून माघार घेतली आणि मिळवलेली विजेतेपदे सोडून दिली. तरीही आंतरराष्ट्रीय निवाडा मंडळाने सप्टेंबर २०१३ मध्ये संघाला २,५०,००० डॉलरचा दंड केला, मुख्य स्पर्धेत दोन गुण वजा केले आणि पंखशिडाची जबाबदारी असलेल्या डर्क डी रिडर याला स्पर्धेबाहेर काढले.

या निर्णयावर घेतला गेलेला आक्षेप वरवर पाहता सयुक्तिक आहे. अपराध छोट्या नौकांवर घडला, शिक्षा मात्र ७२ फुटी नौकांच्या स्पर्धेत झाली. शिवाय वरिष्ठांना या प्रकाराची कल्पना नव्हती, असे संघाचे म्हणणे होते. आमच्या मते तरीही गुण वजा करणे न्याय्यच होते. वाट अडवणारी नौका सर्वांना दिसते, म्हणून तिचे पाप दोन गिरक्यांत फिटते. अमेरिकाज कपसारख्या स्पर्धेत पाण्यावर पंचही असतात, परंतु नौकेच्या पोटात दडवलेले वजन पंचालाही दिसत नाही. प्रायश्चित्ताची घटका टळून गेली की दंडच उरतो. विजेतेपदे परत केल्याने फक्त लाभ पुसला गेला. मोडलेल्या विश्वासाची किंमत चुकती व्हायची तर ती संघाला जी स्पर्धा प्राणप्रिय होती तिथेच वसूल व्हायला हवी होती.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. उणे दोनपासून निघालेला ओरॅकल संघ न्यूझीलंडच्या संघाविरुद्ध १-८ असा मागे पडला आणि सलग आठ शर्यती जिंकून ९-८ असा विजयी झाला. "मग शिक्षेने काय साधले?" असे विचारणाऱ्यांनी हिशेब पुन्हा मांडावा. चषकासाठी नऊ गुण पुरेसे होते, ओरॅकलला मात्र अकरा शर्यती जिंकाव्या लागल्या. अपराधी हरला तरच शिक्षा खरी, ही समजूत न्यायापेक्षा सूडाच्या जवळची आहे.

आमचा आक्षेप दुसरीकडे आहे. लॅरी एलिसन यांच्यासारख्या धनाढ्याच्या संघाला अडीच लाख डॉलर म्हणजे कितीसे? उलट, डी रिडरवर जागतिक संघटनेने पुढे पाच वर्षांची बंदी घातली. ती आधी तीन वर्षांवर आली आणि अखेर क्रीडा लवादाने अठरा महिन्यांवर आणली. एकाच कृत्याला तीन मापे लागली, तेव्हा मापाविषयीच शंका येते. गुणांचा दंड संघाला नेमका लागू पडला. पैशाचा दंड त्याला जाणवलाही नसेल, आणि एका खलाशाची उपजीविका मात्र त्या अवधीत टांगणीला लागली.

दंड न्याय्य ठरायचा तर तो अपराधाच्या आकारासोबत अपराध्याच्या सामर्थ्याशीही जुळला पाहिजे. दोन गिरक्यांचा नियम हे साधतो, कारण तिथे मोजमाप वेळेचे असते आणि पाण्यावर वेळ कोणालाच विकत घेता येत नाही. नौकेबाहेरच्या अपराधांसाठी दंड ठरवणाऱ्यांनी हेच माप हाती घ्यावे.