टोपी घातलेला श्रोता

लंडन येथील वेस्टमिन्स्टर ॲबे या विख्यात मंदिरात १९२३ सालच्या २६ एप्रिल रोजी इंग्लंडच्या एका राजपुत्राचा विवाह झाला. हेच राजपुत्र पुढे सहावे जॉर्ज या नावाने गादीवर आले. नभोवाणी त्या वेळी नुकती कोठे रांगू लागली होती, आणि हा विधी घरोघर ऐकवावा अशी तिच्या चालकांची फार इच्छा होती. मंदिराच्या अधिकारी मंडळाने परवानगी नाकारली. कारण काय, तर हे पवित्र शब्द दारूच्या गुत्त्यात बसलेल्या लोकांच्या कानी पडतील, आणि ते लोक डोक्यावरच्या टोप्यादेखील काढणार नाहीत! ख्रिस्ती मंदिरात पुरुषाने टोपी काढून बसावयाचे असते. आमच्याकडे बोडक्या डोक्याने देवापुढे जाणे कालपरवापर्यंत अशिष्ट समजत आणि जोडे मात्र बाहेर ठेवीत. त्यांच्याकडे जोडे आत चालतात, टोपी चालत नाही. देवास दोन्ही रीती मानवत असाव्यात असा आमचा तर्क आहे.

असो. त्या नकारानंतर पुरती चार वर्षेही लोटली नाहीत तोच, १९२६ च्या ऑक्टोबर महिन्यात, त्याच मंदिरातील सायंप्रार्थना नभोवाणीने ऐकविली. आणि १९३४ साली दुसऱ्या एका राजपुत्राचा विवाहही तेथूनच सर्वांस ऐकावयास मिळाला. मधल्या काळात गुत्ते बंद झाले नव्हते व टोप्याही डोक्यांवरून उतरल्या नव्हत्या. तरी मंदिराचे पावित्र्य तिळभर ढळल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सायंप्रार्थनेचा हा परिपाठ तेव्हापासून आजतागायत चालू आहे. कधी या मंदिरातून तर कधी त्या, दर आठवड्यास ती ऐकविली जाते.

हा टोपी घातलेला श्रोता कोण, व दुसऱ्याच्या उपासनेचा आनंद घेण्याचा त्यास अधिकार किती, याचा आज विचार करावयाचा आहे. प्रश्न इंग्लंडातील गुत्त्यापुरता नाही. आमच्या परिचयाचे कित्येक व्यापारी, वकील व शिक्षक जन्माने व आचाराने हिंदू असून नाताळच्या आदल्या दिवशी रात्री साडेआठच्या सुमारास यंत्रापाशी येऊन बसतात. त्या वेळी केंब्रिजात दुपारचे तीन वाजलेले असतात, आणि तेथील किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात नऊ पाठांची व गीतांची उपासना सुरू होते. एरिक मिल्नर-व्हाइट या धर्मोपदेशकाने पहिल्या महायुद्धात सैन्याबरोबर काम केले व परत आल्यावर १९१८ साली ही उपासना त्या मंदिरात सुरू केली. १९२८ पासून ती नभोवाणीवर आहे. १९३० चे एक वर्ष सोडल्यास खंड नाही. दुसऱ्या महायुद्धात मंदिराच्या खिडक्यांच्या रंगीत काचा काढून ठेविलेल्या, आत ऊब नाही, आणि शत्रूस सुगावा लागू नये म्हणून मंदिराचे नावही उच्चारावयाचे नाही, अशा स्थितीतही ती ऐकविली गेली. प्रारंभी एकटाच एक मुलगा साथीवाचून गातो. तो कोणता, हे गायनप्रमुख अगदी आयत्या क्षणी खुणेने ठरवितो. तो स्वर दगडी कमानींखालून उमटला म्हणजे आमचे हे वकील व व्यापारी काही काळ बोलत नाहीत. आम्हीही त्यांच्यापैकीच आहोत, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

पण संकोच वाटणारे पुष्कळ आहेत, आणि हा लेख त्यांच्यासाठी आहे. असा श्रोता दोन बाजूंनी बोलणी खातो. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, “आज गाणे ऐकतोस, उद्या पाणी शिंपडून घेशील.” उलटपक्षी एखादा निष्ठावंत ख्रिस्ती स्नेही म्हणतो, “तुम्हांस देव नको, नुसता सूर हवा. आमची प्रार्थना म्हणजे काय जलसा आहे?” पहिल्यास भीती वाटते की माल गळ्यात पडेल; दुसऱ्याची तक्रार अशी की मोल न देता माल नेला. दोघेही उपासनेकडे दुकानदारीच्या दृष्टीने पाहतात, आणि दुकानदारांत वाचले जाणाऱ्या या पत्रास ती दृष्टी अपरिचित नाही. परंतु येथे ती लागू पडत नाही.

का, ते सांगतो. प्रचार आणि उपासना या दोन वस्तू भिन्न आहेत. प्रचारक तुमच्याशी बोलत असतो. त्याचा नेम तुमच्यावर असतो. उपासक देवाशी बोलत असतो, आणि तुम्ही केवळ दाराशी उभे असता. तुम्ही थांबलात काय नि गेलात काय, त्याचे स्तोत्र अडत नाही. सायंप्रार्थनेतील स्तोत्रे महिन्याच्या दिवसांवर वाटून दिलेली असतात; अमक्या तारखेच्या सायंकाळी अमकी स्तोत्रे, मग ऐकणारा कोणी असो वा नसो. त्यानंतर येते मरियेचे गीत. बलिष्ठांचा पाडाव आणि दीनांचा उत्कर्ष हा त्याचा विषय. जनाबाईच्या अभंगांवर वाढलेल्या कानास तो परका वाटत नाही. चालही तशीच ओळखीची. ओळ लांब असो की आखूड, एकच सूर धरून ती म्हणत जावयाची आणि शेवटाशी चाल वळवावयाची. गायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, एक रांग म्हणते व दुसरी उत्तर देते. ज्याने देवळाच्या सभामंडपात टाळकऱ्यांच्या दोन रांगा पाहिल्या आहेत त्यास हे समजावून सांगण्यास इंग्रजीच्या मास्तराची गरज नाही. या सर्वांत कोठेही श्रोत्याच्या बाहीस कोणी हात घालीत नाही. म्हणूनच मन मोकळे होऊन ऐकते.

नेम धरून बोलणारी नभोवाणी कशी असते, याचाही दाखला आहे. अमेरिकेत फादर कॉग्लिन नावाच्या एका पाद्र्याने डेट्रॉइटजवळील आपल्या मंदिरातून १९२६ साली नभोवाणीवर बोलण्यास आरंभ केला. प्रथम धर्मोपदेश, मग राजकारण, आणि शेवटी उघड उघड यहुद्यांचा द्वेष, अशी त्याची वाटचाल झाली. कोट्यवधी लोक ऐकत होते. १९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनीत यहुद्यांची मंदिरे जळाली, त्यानंतरही या गृहस्थाची वाणी आवरली नाही, आणि काही केंद्रांनी त्याचे भाषण बंद केले. येथे क्रूस होता, पाद्र्याचा झगा होता, पण उपासना नव्हती. ज्यांस परधर्माच्या ध्वनीचे भय वाटते त्यांनी भय याचे बाळगावे. आणि असे पाद्री एकाच धर्मात निपजतात असा गोड गैरसमज करून घेऊ नये.

याच अमेरिकेतील पहिल्या प्रसंगाची आठवण याहून सुखद आहे. पिट्सबर्ग येथील केडीकेए केंद्राने १९२१ सालच्या २ जानेवारीस तेथील कॅल्व्हरी मंदिरातील सायंकाळची उपासना ऐकविली. मंदिरातून उपासना नभोवाणीवर जाण्याचा हा पहिलाच प्रसंग समजला जातो. मुख्य धर्मोपदेशकास हे यंत्र प्रशस्त वाटेना, म्हणून त्याने प्रवचन आपल्या दुय्यमाकडे सोपविले. यंत्र सांभाळण्यास दोन तंत्रज्ञ आले होते. मंडळीचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून त्यांस गायकांचे झगे चढवून बसविले. त्यांतील एक यहुदी होता व दुसरा रोमन कॅथलिक, असे सांगतात. म्हणजे त्या पंथाची उपासना आकाशात गेली ती त्या पंथाबाहेरच्या दोघांच्या हातून. उपासना भ्रष्ट झाली नाही आणि ते दोघेही आपापल्या धर्मातच राहिले असावेत. संकोची श्रोत्याने हे दोघे झगेवाले नजरेसमोर ठेवावेत.

येथवर आम्ही सुरांवर लुब्ध होणाऱ्यांची बाजू घेतली. पण नभोवाणीवरील उपासना आमच्यासाठी काढलेली नाही, हेही विसरता कामा नये. इंग्लंडात रोजची प्रार्थना सुरू व्हावी म्हणून कॅथलीन कॉर्ड्यू या बाईंनी पत्रे लिहिली, लोकांच्या सह्या मिळविल्या, आणि १९२८ च्या २ जानेवारीस ती सुरू झाली. त्यांच्या डोळ्यांपुढे संगीताचे शौकीन नव्हते. अंथरुणास खिळलेले, एकाकी, मंदिराची पायरी चढण्याची शक्ती न राहिलेले लोक होते. अशा मनुष्यास आजच्या दिवसाची प्रार्थना आपल्या खोलीत ऐकू येणे म्हणजे समाजाने त्यास अद्याप टाकले नसल्याची खूण असते. तो जे ऐकतो त्यास आनंद म्हणावे की आधार, हे ठरविण्याच्या भरीस आम्ही पडत नाही.

आणि या सोयीस मर्यादाही आहे. धडधाकट मनुष्याने नभोवाणीवर मिस्सा ऐकली तर रविवारचे कर्तव्य पुरे होत नाही, असे रोमन कॅथलिक धर्मशासन सांगते. आजाऱ्यास मात्र मंदिरात येण्यापासून सूट आहे. प्रथमदर्शनी हा नियम रूक्ष वाटतो. परंतु भाकरी तारेतून येत नाही, आणि शेजारच्या बाकावरील नकोसा मनुष्यही तारेतून येत नाही. त्या मनुष्याशेजारी बसणे हा उपासनेचाच भाग आहे, आणि कदाचित अवघड भाग आहे. २०२० च्या मार्च महिन्यात महामारीमुळे इंग्लंडातील मंदिरांची दारे बंद झाली, तेव्हा कँटरबरीच्या आर्चबिशपांनी नभोवाणीवरून उपासना चालविली. लोकांनी ती कृतज्ञतेने ऐकली, आणि दारे उघडण्याची वाटही पाहिली. आम्ही घरबसल्या ऐकणारे त्या बाकाचे ऋण फेडीत नाही, एवढे आम्ही जाणून असावे.

आता आमच्या घरचे. केंब्रिजच्या गायकांसाठी रात्री ताटकळणाऱ्या आमच्या मित्रांस विचारावे की, मराठी ख्रिस्ती उपासना कधी ऐकली आहे काय? बहुतेकांचे उत्तर नकारार्थी येते, आणि आमचेही पुष्कळ वर्षे तसेच होते. वस्तुतः फादर स्टीफन्स या इंग्रजाने गोव्यात बसून १६१६ साली ख्रिस्तपुराण छापविले ते मराठी ओवीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती मंदिरात अभंग आणला, कीर्तन आणले. मुंबईचे नभोवाणी केंद्र उघडले १९२७ साली. टिळक १९१९ सालीच निवर्तले होते, त्यामुळे त्यांचे कीर्तन मायक्रोफोनपुढे कधी उभे राहिले नाही. त्यांची भजने मात्र मराठी मंडळ्यांत आजही गाइली जातात. पेटी, तबला, टाळ, सर्व साज आपलाच. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचे गाणे सात समुद्र ओलांडून आलेल्या गाण्याइतके आम्हांस ठाऊक नसावे, ही लाजेची गोष्ट आहे.

सबब आमची सूचना अशी. पुणे, मुंबई व अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील मराठी मंडळ्यांनी आपली रविवारची एखादी सायंप्रार्थना ऐकविण्याची मागणी आकाशवाणीच्या केंद्राकडे करावी, आणि केंद्राने मायक्रोफोन उचलून तेथे न्यावा. कलावंतांना बोलावून स्टुडिओत गीते ध्वनिमुद्रित करण्याने हे काम भागणार नाही. मंडळीचा बेसूर, म्हाताऱ्यांचा खोकला, बाकांची करकर, सर्व जसेच्या तसे यावे. मंडळ्यांनी किती हिंदू ऐकतात याची गणती ठेवू नये, आणि हिंदूंनी ऐकताना दार लावून घेऊ नये.