एक प्रिंटर, तीन भाषा!

ऑफिसात सगळ्यात मूडी कोण? बॉस नव्हे, प्रिंटर! पण आपण ज्याला 'प्रिंटर बिघडलाय' म्हणतो, ते बरेचदा कॉम्प्युटर्सचं आपापसातलं भांडण असतं. हे ज्ञान मला मिळालं नंदुरबार जिल्ह्यातल्या चिंचपाड्यात, मावसभावाच्या झेरॉक्सच्या दुकानात.

दुकान टीचभर. काउंटरवर विंडोजचा पीसी, शेजारी लिनक्स टाकलेला जुना लॅपटॉप आणि सुट्टीतही डेडलाइन सोडत नाही म्हणून नेलेला माझा मॅक. प्रिंटर मात्र एकच, यूएसबी वायरने पीसीला बांधलेला. बाकीच्यांनी पेनड्राइव्ह घेऊन लाइनीत उभं राहायचं.

एका संध्याकाळी पीसीचा एसएमपीएस उडाला. आणि नेमकी तेव्हाच एक मुलगी हॉलतिकीट काढायला आली. "ताई, उद्या पेपर आहे. पहाटेच्या गाडीने निघायचंय." लॅपटॉपवर दादा कुणाचा तरी ऑनलाइन फॉर्म भरत ओटीपीची वाट बघत होता. उरला माझा मॅक.

प्रिंटरची वायर काढून लॅपटॉपला लावली, सेटिंगमध्ये 'शेअर'वर टिक केलं. मॅकवर शोधलं... प्रिंटर गायब! दहा मिनिटं डोकं खाजवल्यावर ट्यूब पेटली. लॅपटॉप दुकानाच्या वायफायवर आणि मी माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर! एकाच वायफायवर आले आणि प्रिंटर आपणहून लिस्टमध्ये हजर. हॉलतिकीट बाहेर आलं, तेव्हा त्या मुलीपेक्षा मीच जास्त खूश होते.

हे इतकं सोपं कसं? कारण लिनक्स आणि मॅक, दोघांच्या पोटात 'कप्स' नावाची एकच प्रिंटिंग सिस्टीम असते. ती आली १९९९ मध्ये, अॅपलने २००२ मध्ये मॅकमध्ये घेतली. तिची बोली आयपीपी, म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल. विंडोजची शेअरिंगची सवय वेगळी, पण आयपीपी त्यालाही समजते. दुसऱ्या दिवशी पीसी दुरुस्त होऊन आला. 'अॅड प्रिंटर'मध्ये लॅपटॉपचा आयपी अॅड्रेस, ६३१ हा पोर्ट आणि प्रिंटरचं नाव असा पत्ता दिला, ड्रायव्हर निवडला. झालं!

चिंचपाड्याजवळचं नवापूर स्टेशन माहितीये ना? १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली आणि हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत गेलं. अनाउन्समेंट चार भाषांत होते, पण म्हणून कुणी आपली भाषा सोडत नाही. गाडी एकच, रूळ एकच. प्रिंटरचंही तसंच. सगळ्यांनी विंडोज घ्या किंवा सगळ्यांनी मॅक घ्या, असा हट्ट कशाला? मधली एक भाषा ठरवली की पुरे.

तर मंडळी, तुमच्या फ्लॅटवर किंवा छोट्या ऑफिसात हे करायचं असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. सगळी मशीन्स एकाच नेटवर्कवर हवीत. ज्याला प्रिंटर जोडलाय ते मशीन चालू हवं, झोपलेलं नको. त्याचा आयपी अॅड्रेस राउटरमधून कायमचा ठरवून टाका, नाहीतर पत्ता बदलला की विंडोज चुकीचं दार वाजवत बसतं. आणि मराठी मजकूर नेहमी पीडीएफ करूनच पाठवा. फॉन्ट फाइलमध्येच बसतो, मग जोडाक्षरांची खिचडी होत नाही. नवा प्रिंटर घेणार असाल तर थेट वायफायवाला, आयपीपी समजणारा घ्या. मग मधलं मशीनही नको.

दादाच्या दुकानातला पेनड्राइव्ह आता किल्ल्यांच्या जुडग्यात लटकतोय. कीचेन म्हणून!