पंचमहाभूतांची शपथ

शपथ ही गोष्ट आपल्या समाजांत एके काळीं फार जड समजली जात असे. गंगेच्या पात्रांत उभें राहून दिलेला शब्द फिरविण्यास माणूस कचरे, आणि म्हणूनच शहाणीं माणसें शपथेच्या वाटेस सहसा जात नसत. अलीकडे मात्र शपथ अगदींच स्वस्त झाली आहे. २ ऑक्टोबर २०२० रोजीं महाराष्ट्र सरकारनें ‘माझी वसुंधरा’ नांवाचें अभियान सुरू केलें. भूमि, जल, वायु, अग्नि आणि आकाश या पंचमहाभूतांच्या नांवें गांवोगांवच्या स्थानिक स्वराज्यसंस्थांना गुण द्यावयाचे, अशी त्याची रचना. आणि नागरिकांनीं निसर्गरक्षणाची प्रतिज्ञा करावी, हें त्याचें एक अंग. नाशिकची महानगरपालिकाही या कामीं मागें नाहीं. कापडी पिशवी वापरा, ओला व सुका कचरा वेगळा ठेवा, शाडूची मूर्ति बसवा, पाणी जपा, असा उपदेश वर्षाचे बाराही महिने नाशिककरांच्या कानीं पडत असतो.

या उपदेशांतील एकाही शब्दाशीं आमचें भांडण नाहीं. आमचा आक्षेप आहे तो एवढ्याचसाठीं कीं, उपदेश करणाऱ्यानें आपल्या कर्तव्याच्या जागीं उपदेशच आणून बसविला आहे. नागरिकांच्या संवयी शपथेनें बदलत नाहींत, सोयीनें बदलतात. आणि सोय करणें हें ज्याचें काम, त्यानें आधीं आपलें घर नीट केलें पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

याचा पुरावा शोधण्यास नाशिकबाहेर जाण्याचें कारण नाहीं. येथील नगरपालिका १८६४ सालची. कोपऱ्यावर कचरा फेंकूं नये, हें तेव्हांपासून किती पिढ्यांस सांगण्यांत आलें असेल! परंतु उकिरडे हटूं लागले ते घंटागाडी दारीं येऊं लागल्यावर. घंटा वाजली कीं गृहिणी डबा घेऊन बाहेर येते. तिला कोणीं शपथ घातलेली नसते. गणेशविसर्जनाचेंही तसेंच. मूर्ति नदींत सोडूं नका, एवढेंच सांगून पालिका थांबती, तर परंपरेच्या नांवानें वाद तेवढे माजले असते. परंतु तिनें जागोजाग कृत्रिम हौद केले, मूर्ति व निर्माल्य स्वीकारण्याची व्यवस्था ठेविली, प्लॅस्टरची मूर्ति घरींच बादलींत विरघळावी म्हणून अमोनियम बायकार्बोनेटची भुकटी फुकट वाटली. आणि जीं कुटुंबें स्वतःस सुधारक म्हणवून घेणार नाहींत, त्यांनींही मुकाट्यानें नवा मार्ग धरला. येथें पालिकेस श्रेय दिलेंच पाहिजे. पण तें दिलें म्हणजे तिचा पुढील दोष अधिकच उघडा पडतो.

कारण जेथें सोय अपुरी, तेथें उपदेश लुळा पडतो. कांहीं वर्षांपूर्वीं शहरांत भाड्याच्या सायकली आल्या. त्यांचीं छायाचित्रें उत्तम निघालीं. परंतु सायकलस्वारास निर्धास्तपणें जातां येईल असा सलग मार्ग शहरभर कांहीं झाला नाहीं. सायकली मोडल्या आणि योजना गुंडाळली गेली. कचऱ्याचें पाहा. ओला कचरा व सार्वजनिक शौचालयांतील मैला यांपासून वीज करणारा प्रकल्प जर्मन साहाय्यानें २०१७ सालीं येथें सुरू झाला. त्याची क्षमता दररोज ३० टनांची. अशा यंत्रास निवडलेला ओला कचराच लागतो. तो घरोघरीं वेगळा व्हावा, हें रास्तच. पण दोन डब्यांत निवडून आणलेला कचरा गाडींतल्या एकाच ढिगांत पडतांना गृहिणीनें एकदां पाहिला, कीं शंभर व्याख्यानांनीं आलेली श्रद्धा त्या क्षणीं उडून जाते.

आतां जलतत्त्वाकडे वळूं. २००३ च्या सिंहस्थाच्या निमित्तानें रामकुंड परिसरांत गोदावरीचा तळ काँक्रीटनें झांकण्यांत आला, आणि कुंडांच्या झऱ्यांचीं मुखें बुजलीं. पुढें नागरिकांस न्यायालयाचें दार ठोठवावें लागलें, आणि पालिकेच्याच स्मार्ट सिटी कंपनीस कांहीं कुंडांतील तें काँक्रीट काढण्याचें काम हातीं घ्यावें लागलें. ओतण्यास पैसा करदात्याचा, फोडण्यासही त्याचाच! नंदिनी व वाघाडी या उपनद्या शहरांतून जातां जातां नाले होऊन गोदावरीस मिळतात. नदीच्या प्रदूषणाविरुद्ध २०१२ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत जनहितयाचिका दाखल करावी लागली. त्यानंतर मैलापाणी शुद्ध करण्याचीं साधनें वाढलीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण खालच्या अंगास सायखेडा व चांदोरीकडे पात्र पाणवेलींनीं भरतें, तें कोणाच्या मळावर? त्याच्याही पुढें नांदूरमध्यमेश्वर आहे. महाराष्ट्रांतील पहिलें रामसर पाणथळ स्थळ म्हणून त्याचा गौरव झाला, आणि त्या गौरवाचा नैवेद्य म्हणून नाशिकचें सांडपाणी त्याच्याकडे जातें! दांत घासतांना नळ बंद ठेवणारा नागरिक तांब्याभर पाणी वांचवितो खरा. परंतु मोरींतून गेलेलें पाणी पुढें कोठें व कोणत्या स्थितींत जातें, हें त्याच्या हातीं नाहीं. तें पालिकेच्या हातीं आहे.

भूमितत्त्वाची कथा याहून ताजी आहे. २०१५ च्या सिंहस्थास ‘हरित कुंभ’ असें नांव देण्यांत आलें होतें. २०२७ च्या सिंहस्थांतील साधुग्रामासाठीं मात्र याच महानगरपालिकेनें २०२५ च्या नोव्हेंबरांत तपोवनांतील सतराशेंहून अधिक झाडें तोडण्याची वा हलविण्याची नोटीस काढली. लोक रस्त्यावर आले. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलें. त्यावर उत्तर मिळालें तें असें कीं, राजमहेंद्रीहून झाडें आणून १५,००० झाडें लावूं. जणुं झाड म्हणजे खुर्ची. एक उचलली, दुसरी मांडली! अंगणांतील एक झाड तोडावयाचें तर १९७५ च्या कायद्यान्वयें नागरिकास पालिकेच्या वृक्षप्राधिकरणाची परवानगी लागते. तपोवनांत मागणारा तोच आणि देणाराही तोच. अशा हातानें वांटलेल्या रोपाबरोबर निसर्गप्रेमाची शपथ द्यावी, यास काय म्हणावें?

यावर एक उत्तर ठरलेलें आहे: ‘लोकच बेशिस्त, पालिका काय करणार?’ सोय असूनही जो रस्त्यावर कचरा टाकील, त्याची बाजू आम्ही घेत नाहीं. त्यास खुशाल दंड करावा. परंतु दंडाचा अधिकार सोय केल्यानंतर येतो. आणि बेशिस्त म्हणून हिणविलेला हाच नाशिककर घंटागाडीपुढें रोज शिस्तीनें उभा राहतो, हें विसरून कसें चालेल?

खरें दुखणें निराळेंच आहे. शपथ आपल्या सुशिक्षित कुटुंबांसही आवडते. कारण ती घेण्यास खर्च नाहीं, आणि ती घेतली म्हणजे कोणास जाब विचारण्याचा प्रसंगही येत नाहीं. कापडी पिशवी खांद्यास लावून आपण पंचमहाभूतांच्या ऋणांतून मुक्त झालों, असें वाटूं लागतें. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ सालचा. नाशिकची महानगरपालिका त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९८२ सालीं, स्थापन झाली. एवढ्या काळांत आपण एवढें तरी शिकावयास हवें होतें कीं, स्वराज्य म्हणजे आज्ञा पाळणें नव्हे, हिशेब मागणें.

तो हिशेब सिंहस्थापूर्वींच मागितला पाहिजे. प्रत्येक शुद्धीकरण केंद्रांत आलेलें पाणी कसें होतें आणि नदींत सोडलेलें कसें होतें, याचा तक्ता दरमहा साध्या मराठींत रामकुंडावर लावावा. निवडलेला कचरा शेवटपर्यंत निवडलेलाच राहील, याची हमी द्यावी. पालिकेस स्वतःच्या कामासाठीं झाडें तोडावयाचीं असतील, तेथें परवानगीचा निर्णय तिच्याबाहेरच्या तज्ज्ञांकडे सोंपवावा. यांत अशक्य असें कांहीं नाहीं. आणि शपथेवांचून चालतच नसेल, तर पहिली शपथ आयुक्तांनीं व नगरसेवकांनीं गोदावरीच्या पाण्यांत उभें राहून घ्यावी. तें पाणी ओंजळींत घेऊन आचमन करण्याचें धैर्य त्यांस ज्या दिवशीं होईल, त्या दिवशीं नाशिककरही त्यांच्या मागोमाग खुशीनें शपथ घेतील.