धारूरच्या वाटेवरचं सीताफळ

‘मामा, आपल्याकडं कुठं आलेत किल्ले?’ दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेला भाचा सहज बोलून गेला. पोरगं दरवर्षी तिकडं मातीचा किल्ला करतं, त्यावर हळीव पेरतं, मावळे मांडतं. त्याला दोष कसा द्यायचा? पण मला ते लागलं, कारण आपण मोठी माणसंही तेच धरून चालतो. आमच्या गंगाखेडच्या शाळांच्या सहली निघतात त्या रायगडाला, प्रतापगडाला, फार तर देवगिरीला. लेकरं रात्रभर गाडीत पेंगत जातात आणि दोनेक तासांवरचा बीड जिल्ह्यातला धारूरचा किल्ला त्यांना कुणी दाखवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच भाच्याला घेऊन धारूरला निघालो. परळी, सिरसाळा, तेलगाव आणि मग धारूरचा घाट. हा घाट अजून अरुंदच आहे. समोरून उसाचा ट्रक आला की दोघांनीही देवाचं नाव घ्यायचं.

किल्ल्याची माहिती थोडक्यात सांगतो. तालिकोटची लढाई झाली 1565 मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1567 मध्ये, आदिलशाही सरदार किश्वरखानानं बालाघाटाच्या कडेवर हा किल्ला बांधला. 1569 मध्ये मुर्तजा निजामशहानं तो घेतला, त्या लढाईत किश्वरखान मारला गेला. 1631 मध्ये मोगलांच्या आझमखानानं तो जिंकला. पुढं हा सगळा मुलूख हैदराबादच्या निजामाकडं राहिला, तो थेट 1948 पर्यंत. किल्ल्याचं एक नाव फतेहाबाद. पण धारूरकर त्याला फक्त ‘किल्ला’ म्हणतात आणि गावाला ‘किल्ले धारूर’.

‘म्हणजे हा महाराजांचा नाही?’ भाच्यानं विचारलं. नाही. 2025 च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. टीव्हीसमोर बसून मी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. त्या यादीत धारूर, औसा, उदगीर, कंधार यांतलं कुणी नाही आणि ते बरोबरच आहे, ती यादी मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची होती. पण आपण मनात दुसरीच यादी करून ठेवली आहे. ज्यांनी बांधला ते आपले नव्हते, म्हणून किल्लाही आपला नाही. मग दगड कुणी घडवले? चुना कुणी घाणीत मळला? वरपर्यंत धोंडे कुणी ओढले? किल्ल्याचा धनी पाच वेळा बदलला असेल, पायथ्याची माणसं तीच राहिली. मी भाच्याला म्हटलं, बाळा, ते तुझेमाझेच पणजे.

खरं तर त्याला मला पाणी दाखवायचं होतं. सह्याद्रीतल्या किल्ल्याला पाऊस झोडपून काढतो. बालाघाटात पाऊस रुसतो. इथं किल्ला बांधायचा म्हणजे आधी पाणी साठवायची अक्कल हवी. इथल्या पाण्याच्या जागांची नावं ऐका: गोडी दिंडी, खारी दिंडी. चवीवरून पडलेली नावं. पाण्याचा घोट तोलून बघणाऱ्या माणसांनीच ती ठेवली असणार. आझमखान इथं आला तेव्हा दख्खनमध्ये 1630 ते 1632 चा भयंकर दुष्काळ होता, हे ध्यानात घेऊन त्या काठावर उभं राहिलं की अंगावर काटा येतो. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. गोदाकाठी राहून उन्हाळ्यात घागरी मोजणाऱ्या गंगाखेडच्या लेकरांना हा किल्ला नीट समजेल. त्यांना तो दाखवा एवढंच माझं म्हणणं आहे.

तटावरून उतरल्यावर डोंगरात थोडं हिंडलो. शेळ्यांनी पाडलेली पायवाट सापडली, तीच धरली. दोन्ही बाजूंना सीताफळीची झुडपं. सगळा डोंगर चरून साफ झाला तरी सीताफळ टिकतं, त्याचं कारण एका शेळ्यावाल्यानं सांगितलं: ‘शेरडं तोंड लावत न्हाईत त्याच्या पाल्याला.’ म्हणून हे डोंगर अजून हिरवे दिसतात. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामागं या कडू पाल्याची पुण्याई आहे.

सडकेला लागलो तर एक बाई पाटी घेऊन बसलेली. सोबत सात-आठ वर्षांची पोर. मी भाव विचारायच्या आत तिनं विचारलं, ‘खायचे कवा?’ मला समजलं नाही. तिनं एकेक फळ हातात घेऊन दाखवलं. ‘ह्येचा डोळा उघडलाय, ह्ये आज. ह्ये उद्या. ह्ये दोन गव्हात ठिवा, परवा हुतील.’ बोटानं दाबलंसुद्धा नाही, नुसते डोळे बघून सांगत होती. भाचा तिच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं तिच्या पोरीला विचारलं, तू कितवीत? पोर आईकडं बघायला लागली.

‘तिसरीत हाय,’ बाई म्हणाली. ‘पर आता पाडवा झाला की कोयता.’

कोयता म्हणजे ऊसतोड. मुकादमाकडून आगाऊ उचल उन्हाळ्यातच घेतलेली, ती घरात खर्चूनही झालेली. दिवाळी झाली की नवरा-बायको मिळून एक कोयता, मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लेकरं, भांडी, शेरडू, आणि थेट चैत्रापर्यंत कुठल्यातरी साखर कारखान्याच्या उसाच्या फडावर. सीताफळाचा हंगाम आणि गाव सोडायचा दिवस एकमेकांना असे चिकटून येतात. या पाटीचे पैसे म्हणजे निघण्याआधीचं मीठमिरची. कुठलं गाव, तिनं विचारलं. गंगाखेड म्हटल्यावर हात जोडून म्हणाली, ‘संत जनाबाईचं!’ आणि एक फळ जास्तीचं टाकलं. मी नको म्हटलं, ती ऐकेना. पाटी सगळीच घेतली, भावात एक रुपया कमी केला नाही.

गाडीत भाचा बराच वेळ गप्प होता. घाट उतरल्यावर म्हणाला, ‘मामा, तिची शाळा मग?’ ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठीच्या साखरशाळा, हंगामी वसतिगृहं, सगळी नावं मला येतात. एकही तोंडातून निघालं नाही.

आजचं सीताफळ त्याच रात्री खाल्लं. उद्याचं उद्या. गव्हाच्या डब्यात ठेवलेली दोन परवा सकाळी बरोबर पिकली, डोळे उघडलेले, हाताला मऊ. त्याच्या आदल्या दिवशी पाडवा झाला होता.