धैर्याची वसुली

स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रीचे आपण जे तोंडभर कौतुक करतो, त्याच्या पोटात एक तगादाही दडलेला असतो. तिने आता पूर्वीपेक्षा समंजस, प्रसन्न, किंबहुना थोडी संतच होऊन दाखवावे, असे जणू फर्मानच तिच्यावर बजावलेले असते. आपत्तीनंतर मन कित्येकदा विशाल होते, हे खरेच आहे. टेडेस्की आणि कॅलहून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली या आघातोत्तर विकासाच्या मापनार्थ २१ विधानांची प्रश्नावलीही सिद्ध केली. मात्र असा विकास आणि मनस्ताप एकाच मनात एकाच वेळी नांदतात, ही त्यांचीच पुस्ती आपण सोयीस्करपणे गाळतो.

मला अधिक मार्मिक वाटते ते मानसशास्त्रज्ञ शेली टेलर यांचे १९८३ सालचे निरीक्षण. त्यांनी अभ्यासलेल्या ७८ रुग्ण स्त्रियांपैकी ज्यांची केवळ गाठ काढली होती त्यांना संपूर्ण स्तन गमावलेल्यांची कणव येई, वयस्क स्त्रिया तरुणींसाठी हळहळत, विवाहिता अविवाहितांसाठी; आणि मृत्यूच्या समीप पोहोचलेल्या काही जणींनासुद्धा, आपल्याला निदान मनःशांती तरी लाभली, असे समाधान वाटे. रोग आपल्या काबूत आहे, ही पुष्कळजणींची श्रद्धा वैद्यकीय पुराव्यावर उभी नव्हती, तरी तिच्या आधाराने त्यांचे दिवस निभावत होते. यात वीरश्री कसली? फाटलेले वस्त्र आतल्या बाजूने रफू करावे, तसे हे मनाचे निमूट काम आहे, आणि ते चालू असताना बाहेरून ‘तू तर वाघीण आहेस’ असे ओरडणाऱ्यांचा, हेतू कितीही निर्मळ असला तरी, उपद्रवच अधिक. लेखिका बार्बरा एरेनरिच यांनी स्वतःच्या आजारानंतर, २००१ साली, स्तनकर्करोग-जागृतीच्या गुलाबी फितींमागच्या या सक्तीच्या उल्हासावर सडकून टीका केली होती. मला ती रास्त वाटते.

केमो संपली, केस पुन्हा उगवले, की घरच्यांच्या लेखी प्रकरण दाखलदफ्तर होते. परंतु संप्रेरकविरोधी गोळ्या अनेकींना पाच ते दहा वर्षे घ्याव्या लागतात, काखेतील ग्रंथी काढल्यामुळे कुणाचा हात सुजतो, आणि फेरतपासणीच्या आदल्या रात्री झोप येत नाही ती वेगळीच. परळच्या टाटा रुग्णालयापासून जिल्ह्याच्या इस्पितळापर्यंत सर्वत्र, फेरतपासणीच्या केसपेपरवर या झोपेची, भीतीची, दांपत्यजीवनातील अवघडलेपणाची रीतसर नोंद व्हावी, आणि त्याविषयी विचारण्यासाठी स्वतंत्र समुपदेशकाची नेमणूक व्हावी. घरच्यांनी तूर्त एवढेच करावे: ती चिडली, रडली किंवा तिने नुसतेच अंथरुणात पडून राहायचे ठरवले, तर तिला तिच्या धैर्याची आठवण करून देऊ नये.